नवा कादंबरीकार आणि संपादनाचे मोल

कादंबरीचे शेवटचे पान लिहून झाले म्हणजे लेखकाचे काम संपले, अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः त्याच वेळी एक नवा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. लिहिलेले जसेच्या तसे प्रकाशकाकडे पाठवावे, की त्यापूर्वी एखाद्या जाणकार व्यक्तीकडून ते तपासून घ्यावे? आणि तपासून घ्यावयाचे झाल्यास त्या व्यक्तीला मोबदला द्यावा काय? प्रश्न व्यवहाराचा दिसतो. परंतु त्यात पैसा, भाषा आणि लेखकत्व हे तीनही विषय गुंतलेले असल्यामुळे त्याचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही.

मुंबई किंवा पुणे येथे राहणाऱ्या लेखकाला प्रकाशक, मासिकांची कार्यालये आणि लेखकमित्र हे सारे हाताशी असते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने घेण्याजोगे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत वाढली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे राहावयास आली. मराठी माणसाला हा प्रदेश परका नव्हता. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर हे जिल्हे विदर्भासह एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर ही होती.

अशा वसाहतीत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाची कल्पना करावी. कारखान्यातील आयुष्यावर त्याने एक कादंबरी लिहिली आहे. घरातील मुले हिंदीत शिकली असल्यामुळे ती बाड वाचणार नाहीत. शेजारी तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलणारे आहेत. मराठी कादंबरी प्रसिद्ध करील असा प्रकाशक गावात नाही. अशा वेळी कोणी ‘व्यावसायिक संपादन करून देऊ’ असे सांगितले, तर निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतील काही भाग त्यासाठी खर्च करण्याचा मोह त्याला होणे स्वाभाविक आहे. त्याने काय करावे, हे ठरविण्यासाठी प्रथम संपादन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

संपादनाचे प्रकार

‘संपादन’ या एकाच शब्दाखाली निदान तीन भिन्न कामे येतात. पहिले काम रचनेसंबंधीचे असते. कथानक कोठे रेंगाळते, कोणते पात्र मध्येच नाहीसे होते, निवेदन कोणाच्या दृष्टीने केले आहे, शेवट आधीच्या घटनांतून निघतो की नाही, या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. दुसरे काम संहितेच्या ओळीओळींचे असते. वाक्यरचना, पुनरुक्ती, काळाचा गोंधळ, नावे आणि तारखा यांतील विसंगती यांची तपासणी त्यात होते. तिसरे काम मुद्रितशोधनाचे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे आणि जुळणीतील चुका दुरुस्त करणे एवढीच त्याची मर्यादा असते.

ही तीन कामे तीन निराळ्या प्रकारची कौशल्ये मागतात. मुद्रितशोधनाला लिखित नियमांचा आधार असतो. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली आणखी ४ नियमांची भर, अशा १८ नियमांवर आजचे मराठी प्रमाणलेखन मुख्यत्वे उभे आहे. नियम ठरलेले असल्यामुळे हे काम बरोबर झाले की चुकले, हे कोणालाही पडताळून पाहता येते. रचनेविषयीच्या सल्ल्याचे तसे नसते. तेथे कोणताही नियम निर्णायक नसतो. सल्ला देणाऱ्याची अभिरुची, त्याचे वाचन आणि त्या विशिष्ट लेखकाला काय साधावयाचे आहे हे ओळखण्याची त्याची पात्रता यांवर सारे अवलंबून असते. म्हणून मोबदल्याचा विचार करताना ही कामे एकत्र करणे योग्य नव्हे.

संपादकाचे वेतन कोण देत असे?

भारतीय भाषांतील आधुनिक गद्याच्या घडणीत संपादकाचा वाटा मोठा आहे. त्या इतिहासाचा एक धागा छत्तीसगडमधूनच जातो. १९०० मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. हिंदीतील आरंभीच्या कथांपैकी एक मानली जाणारी सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा याच मासिकात १९०१ मध्ये आली. आर्थिक अडचणींमुळे मासिक १९०२ अखेर बंद पडले. संपादनाचा खर्च वाचक आणि प्रकाशक यांच्याकडून निघाला नाही, म्हणून मासिक थांबले. तो खर्च लेखकांवर टाकण्याची कल्पना त्या काळी नव्हती.

पुढे महावीरप्रसाद द्विवेदी यांनी रेल्वेतील नोकरी सोडून १९०३ ते १९२० या काळात ‘सरस्वती’ मासिकाचे संपादन केले. आलेल्या लेखांवर ते ओळीओळीने दुरुस्त्या करीत. त्यांचे वेतन अलाहाबादचा इंडियन प्रेस देत असे. त्यांच्यानंतर ‘सरस्वती’ची धुरा खैरागढचे पदुमलाल पुन्नालाल बख्शी यांच्याकडे आली. खैरागढ हे गाव भिलाईपासून फार दूर नाही, आणि बख्शी यांच्या नावाचे सृजनपीठ पुढे भिलाईतच स्थापन झाले.

मराठीत याच परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी कथा-कादंबरीच्या हस्तलिखितांवर लेखकांशी दीर्घ पत्रव्यवहार केला. एकच कथा पुनःपुन्हा लिहून घेण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. मान्य झालेल्या लेखनाप्रमाणेच साभार परत आलेल्या लेखनाबरोबरही कधी कधी असे पत्र येई, की त्यातून लेखकाला पुढची वाट दिसे. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडले, तेव्हा एका नियतकालिकाबरोबर नवलेखकाला विनामूल्य मिळणारी ही शाळाही मिटली.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. संपादकाचे वेतन लेखकाच्या खिशातून येत नव्हते. यामुळे संपादकाला ‘नाही’ म्हणता येत असे. त्याचा होकार प्रकाशनसंस्थेला खर्चात पाडणारा होता. त्यामुळे तो होकार विचारपूर्वकच दिला जाई, आणि म्हणूनच त्याला किंमत होती.

पैशाने काय बदलते

लेखक स्वतः मोबदला देतो तेव्हा हे नाते बदलते. आता संपादक हा लेखकाचा सेवक असतो. ‘हे बाड अद्याप कादंबरी झालेले नाही. वर्षभर बाजूला ठेवा आणि पुन्हा लिहा’, असे सांगणे त्याच्या उत्पन्नाच्या विरुद्ध जाते. प्रामाणिक संपादक तसे सांगतोही. परंतु व्यवस्थेची ओढ दुसऱ्या दिशेला असते. जे संपादनाबरोबर छपाई, वितरण आणि प्रकाशन-समारंभ असे सर्व एकत्रित विकतात, त्यांच्या बाबतीत ही ओढ अधिक बळकट असते. हस्तलिखित नाकारण्याचे त्यांना काहीच कारण उरत नाही. ज्या ठिकाणी नकार संभवत नाही, त्या ठिकाणच्या प्रशंसेवरून लेखकाने आपल्या कादंबरीची योग्यता ठरवू नये.

याचा अर्थ प्रकाशनसंस्थेचा संपादक नेहमी निर्दोष असतो, असा मात्र नाही. संस्थेलाही स्वतःची अभिरुची असते आणि तिच्या चौकटीत न बसणारे लेखन बाहेर राहते. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली, ती याच तक्रारीतून. अमेरिकेतील थॉमस वुल्फ या कादंबरीकाराचे उदाहरणही बोलके आहे. त्याच्या १९२९ च्या पहिल्या कादंबरीतील सुमारे ६०,००० शब्द मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाच्या सहकार्याने कमी करण्यात आले. दुसरी कादंबरी १९३५ मध्ये निघाली. तिची अर्पणपत्रिका वुल्फने पर्किन्सच्याच नावे लिहिली. १९३६ मध्ये एका समीक्षकाने असा आक्षेप घेतला, की संपादकावाचून वुल्फला पुस्तकाची जुळणीच करता येत नाही. हा आक्षेप वुल्फच्या जिव्हारी लागला आणि १९३७ मध्ये त्याने ती प्रकाशनसंस्था सोडली. मदत उत्तम होती आणि तिच्यासाठी त्याला एक पैसाही द्यावा लागला नव्हता. तरीही पुस्तक नेमके कोणाचे, हा प्रश्न उरलाच.

भाषेचा प्रश्न

भिलाईसारख्या ठिकाणच्या लेखकाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. त्याची मराठी पुण्याची नसते. नागपूरकडील बोलीत ‘तो येत आहे’ याऐवजी ‘तो येऊन राहिला’ असे म्हणतात. छत्तीसगडमधील मराठी घरांत तिच्यावर हिंदीचा आणि छत्तीसगढीचा आणखी एक थर चढतो. शिफ्ट, क्वार्टर, सेक्टर, कोक ओव्हन हे शब्द तर बोलीचेच झालेले असतात.

समजा, हस्तलिखितात असे वाक्य आहे : ‘बाबा त्या आठवड्यात नाइट करून राहिले होते, म्हणून दिवसा घरात बोलायचे नाही.’ एखादा संपादक त्याचे रूपांतर असे करील : ‘वडील रात्रपाळीवर असल्यामुळे त्या आठवड्यात दिवसा घरात शांतता पाळली जाई.’ दुसरे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु पहिल्यात दबक्या आवाजात वावरणाऱ्या मुलांचा सूर आहे, तर दुसऱ्यात कोणाचाच सूर नाही. अशा ५,००० दुरुस्त्या झाल्या म्हणजे कादंबरी स्वच्छ होते आणि भिलाई तिच्यातून नाहीशी होते. लेखकाने त्यासाठी पैसे मोजलेले असल्यामुळे या दुरुस्त्या नाकारण्याचे धैर्यही त्याला सहसा होत नाही.

याउलट चांगला संपादक त्याच वाक्यापाशी थांबून विचारील : ‘मागील प्रकरणात बाबांची त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, येथे नाइट कशी?’ किंवा ‘बोलायचे नाही, हे मुलांना कोण सांगते? आई सांगत असेल, तर ती या प्रकरणात कोठेच का दिसत नाही?’ हे प्रश्न भाषेला धक्का न लावता कादंबरी सुधारतात.

मराठी कादंबरीचा इतिहास या बाबतीत नव्या लेखकाला धीर देणारा आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये आली ती वऱ्हाडी बोली घेऊन. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. तिचे वाक्य रूढ ललित गद्याच्या वळणाचे नव्हते. या दोन्ही पुस्तकांचे बळ त्यांच्या बोलण्याच्या लकबीत आहे. राजनांदगाव येथे जन्मलेले हिंदी कादंबरीकार विनोदकुमार शुक्ल यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘नौकर की कमीज’मधील साधी, किंचित वाकडी वाटणारी वाक्ये नियमाप्रमाणे सरळ केली असती, तर त्या पुस्तकात फारसे काही उरले नसते. पुढे त्यांना २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला.

खर्चाचा हिशेब

भावनेइतकाच हिशेबही महत्त्वाचा आहे. येथे केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. कादंबरी ८०,००० शब्दांची आहे आणि संपादनाचा दर शब्दाला १ रुपया आहे, असे समजावे. खर्च ८०,००० रुपये होईल. आता ५०० प्रतींची आवृत्ती, प्रतीची किंमत ३०० रुपये आणि लेखकाचे मानधन शेकडा १० असे धरल्यास, सर्व प्रती छापील किमतीला विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात. म्हणजे संपादनाचा खर्च भरून निघण्यासाठी अशा पाच आवृत्त्याही पुऱ्या पडणार नाहीत. दर निम्मा धरला, तरीही तीन आवृत्त्या लागतील.

तेव्हा पहिल्या कादंबरीच्या संपादनावरील खर्च ही गुंतवणूक आहे, असे जर कोणी सांगत असेल, तर ते मान्य करू नये. तो खर्च फार तर शिक्षणावरचा खर्च मानता येईल. शिक्षणावर पैसे घालणे गैर नाही. मात्र ती रक्कम बुडाली तरी घरातील औषधपाणी किंवा मुलीचे शिक्षण अडणार नाही, एवढीच ती असावी. कर्ज काढून किंवा निर्वाहनिधी मोडून संपादन करून घेणे हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय ठरत नाही.

पैशावाचून काय मिळते

मोबदला देण्यापूर्वी जे विनामूल्य मिळू शकते, ते सर्व मिळवले पाहिजे. त्यांत पहिली गोष्ट म्हणजे वेळ. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेला १९५६ च्या नाताळात एका मित्र-दांपत्याने वर्षभराच्या निर्वाहापुरती रक्कम भेट दिली. त्या पैशाने तिने नोकरीतून सुटका मिळवली आणि लिहिण्यासाठी वेळ मिळवला. १९५७ मध्ये हस्तलिखित प्रकाशकाकडे गेले. टे होहॉफ या संपादिकेने दोन वर्षांहून अधिक काळ तिच्याकडून ते पुनःपुन्हा लिहून घेतले आणि १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली. मूळ मसुदा २०१५ मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने बाहेर आला, तेव्हा या दोहोंतील अंतर जगाला दिसले. संपादन किती मोलाचे असू शकते, याचा हा पुरावाच होय. परंतु त्या संपादिकेचे वेतन प्रकाशनसंस्था देत होती, आणि पुनर्लेखनाचा प्रत्येक शब्द लेखिकेचा होता.

निवृत्त माणसाजवळ वेळ असतो. त्याचा उपयोग कसा करावा, याचे मार्गदर्शन भिलाईच्या शेजारीच मिळते. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातील हिंदी कवी १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील कवी आणि कादंबरीकार. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात मुक्तिबोधांनी कलेच्या तीन क्षणांची मीमांसा केली आहे. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या व्यक्तिगत वेदनेपासून सुटा होऊन कल्पनारूप घेण्याचा. तिसरा, त्या रूपाला शब्द देण्याचा, आणि हा क्षण रचना पूर्ण होईपर्यंत चालू राहतो. या विवेचनाच्या आधारे असे म्हणता येईल, की बाहेरच्या संपादकाचा प्रवेश फक्त तिसऱ्या क्षणात होऊ शकतो. ज्या हस्तलिखिताचा दुसरा क्षणच अपुरा राहिला आहे, ज्यात लेखकाने स्वतःच्या आठवणी केवळ क्रमाने मांडल्या आहेत, त्याला संपादक कितीही कुशल असला तरी कादंबरी करू शकणार नाही. ते काम लेखकाने बाड काही महिने बंद ठेवून आणि मग परक्याच्या नजरेने वाचून स्वतःच करावयाचे असते.

दुसरी विनामूल्य गोष्ट म्हणजे वाचक. विनोदकुमार शुक्ल यांच्या सुरुवातीच्या कविता मुक्तिबोधांनीच वाचल्या आणि श्रीकांत वर्मा यांच्या ‘कृति’ या नियतकालिकाकडे पाठविल्या. कवीला त्यासाठी काही द्यावे लागले नाही. अशी व्यक्ती प्रत्येक गावात असेलच असे नाही. परंतु भिलाई, दुर्ग आणि रायपूर येथील महाराष्ट्र मंडळांत मराठी वाचणारी चार-पाच माणसे निश्चित भेटतात. त्यांना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सौजन्याचेच येते. ‘कोणत्या पानावर वाचन थांबले? कोणते पात्र आठवत नाही? पुढे काय होईल असे वाटले होते?’ असे विचारावे. पाचांपैकी तिघे एकाच प्रकरणापाशी थांबले असतील, तर दोष कोठे आहे हे लेखकाला कळते. कारखान्यातील जुन्या सहकाऱ्याकडून भट्टीचे वर्णन तपासून घेणे हेही संपादनच आहे, आणि ते पुण्याच्या संपादकाला जमणारे नाही.

तिसरी गोष्ट सार्वजनिक संस्थांची. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने तरुण लेखकांच्या मार्गदर्शनाची एक योजना राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत सुरू केली. तीत ३० वर्षांखालील ७५ लेखकांची निवड करून प्रत्येकाला सहा महिने दरमहा ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती देण्याची तरतूद होती. येथे पैशाचा ओघ मार्गदर्शकाकडे नव्हे, तर लेखकाकडे वाहतो. अर्थात वयाच्या अटीमुळे निवृत्त लेखकाला अशा योजनेचा लाभ होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

मोबदला द्यावयाचाच झाला तर

हे सर्व केल्यानंतरही मोबदला देण्याजोगे काही शिल्लक राहते. मुद्रितशोधन हे त्यांत पहिले. अशुद्ध बाड प्रकाशकाकडील वाचकाला पहिल्या पानावरच थांबविते. शिवाय हे काम कष्टाचे असून ते करणाऱ्याला योग्य दाम मिळालेच पाहिजेत. हिंदी माध्यमात शिकलेल्या मराठी लेखकाला तर ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत दुसऱ्या नजरेची गरज अधिकच असते.

रचनेविषयी सल्ला घ्यावयाचा असल्यास संपूर्ण कादंबरी एकदम सोपवू नये. प्रथम २० पाने द्यावीत आणि त्यांचेच शुल्क भरावे. ती पाने परत आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. संपादकाने दुरुस्त्या अधिक केल्या आहेत की प्रश्न अधिक विचारले आहेत? बोलीतील प्रयोग आणि व्याकरणाची चूक यांतील फरक त्याला ओळखता आला आहे काय? आणि बाडात काय अपुरे आहे, हे अप्रिय वाटले तरी त्याने स्पष्ट सांगितले आहे काय? या तिन्ही कसोट्यांवर तो उतरला, तर पुढील काम देण्यास हरकत नाही. संपूर्ण संहितेवर ओळीओळीचे काम करून घेण्याऐवजी आठ-दहा पानांचा लेखी अभिप्राय मागणे बहुधा अधिक हितावह ठरते. खर्च कमी होतो आणि पुनर्लेखन लेखकाच्याच हाती राहते.

व्यवहार लेखी असावा. कोणते काम, किती पाने, किती मुदत, किती रक्कम आणि ती कोणत्या टप्प्याने, हे त्यात नमूद करावे. प्रकाशक मिळवून देण्याचे आश्वासन शुल्काला जोडलेले असेल, तर तो व्यवहार टाळावा. पुस्तकाचे हक्क लेखकाकडेच राहतील, हेही स्पष्ट लिहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपल्या कृतीच्या विपर्यासाविरुद्ध विशेष अधिकार दिला आहे आणि हक्क दुसऱ्याला विकल्यानंतरही तो टिकतो. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटाच्या संदर्भात याच कलमाचा आधार घेतला होता, आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लेखकाच्या बाजूने व्यापकपणे लावला.

सारांश, नव्या कादंबरीकाराने शुद्धलेखनासाठी मोबदला अवश्य द्यावा. रचनेच्या सल्ल्यासाठी परवडेल तेवढा, कसोटी घेऊन आणि शेवटी द्यावा. आपली बोली बदलून घेण्यासाठी मात्र तो कधीही देऊ नये. भिलाईच्या रेल मिलमधून निघणारा रूळ देशात कोठेही बसविता यावा म्हणून एकाच मापाचा असावा लागतो. कादंबरीची गोष्ट उलट आहे. झोतभट्टीच्या उजेडात वाढलेल्या वसाहतीची मराठी फक्त तेथेच बोलली जाते, आणि ती ज्याला येते त्याने ती लिहिली नाही, तर दुसरे कोणी ती लिहिणार नाही. संपादकाला दिलेला पैसा त्या भाषेच्या कामी येतो की तिच्या विरुद्ध जातो, एवढे पाहूनच लेखकाने तो द्यावा किंवा हात आखडावा.